नादमणी कधी द्यायचा

पद्मजानं खेळाच्या पहिल्याच रविवारी घोळ घातला.

"कपारीत हात घातलास की तुला काहीतरी गार लागतं," ती घाईघाईनं म्हणाली. "बाहेर काढून बघतोस तर तलवार. विजयखड्ग. याच्यापुढे कुणाचाच वार टिकत नाही. घे, तुझी झाली."

समोर बसलेल्या भरतेशनं, तिच्या नवऱ्यानं, मान हलवली आणि हसला. कुणाकडे पाहुणे म्हणून गेल्यावर चहा फार गोड निघाला की तो असाच हसायचा. त्याच्या कपाळावर रबरी पट्टी होती आणि टेबलाच्या टोकाला एक छोटा पडदा. पडद्यावरची हिरवी रेघ अंथरलेल्या चादरीसारखी सपाट पडून होती.

"वैनी," इक्बालनं हातातला वीस बाजूंचा फासा खाली ठेवला, "आम्ही अजून गावाच्या वेशीबाहेर पडलो नाही. आणि तू राजाचं खड्ग देऊन मोकळी."

"मग काय करू?"

"ते मला विचारतेस? ज्याला माहितेय त्याला बोलता येत नाही."

भरतेशनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "परवा," तो म्हणाला.

स्ट्रोकनंतर त्याच्याकडे एवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवंय? परवा. डोकं दुखतंय का? परवा. समोरच्याचं बोलणं त्याला सगळं कळायचं, पेपर वाचायचा, हिशेब करायचा, पण तोंड उघडलं की मागचा की पुढचा याचा पत्ता नसलेला तो एक दिवस बाहेर पडायचा. पहिले काही आठवडे तो शब्द ऐकून तो स्वतःच दचकायचा. मग त्यानं बोलणंच कमी केलं.

आणि हा माणूस आयुष्यभर बोलत आला होता. दिवसा पाटबंधारे खात्यात कृष्णेच्या पाण्याच्या पातळ्या बघायचा आणि रविवारी मिरजेतल्या या घरात, याच टेबलाशी, सूत्रधार व्हायचा. खेळ तसा सोपा. दोनचार मित्र जमायचे, प्रत्येकाचं एक पात्र असायचं. कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी धनुर्धर. सूत्रधार एक जग सांगायचा, खेळणारे त्यात काय करतात ते सांगायचे, आणि जमलं की फसलं ते फाशावर ठरायचं. अशी एक मोहीम दोन दोन वर्षं चालायची. कॉलेजात असताना पद्मजा इक्बालच्या ओळखीनं खेळायला आली, तिनं धनुर्धर घेतला, आणि भरतेश राक्षसिणीच्या आवाजात तिच्याशी तह करायला लागला तेव्हा हसता हसता तिनं मनात ठरवून टाकलं की लग्न करायचं तर याच्याशी.

यंत्राचा आवाज त्यांनी करून पाहिला होता. मेंदूतल्या लहरींवरून माणसाला काय म्हणायचंय ते ओळखून त्याच्याच जुन्या आवाजात बोलणारी पेटी आता कुठल्याही मोठ्या दुकानात मिळायची. भरतेशनं ती गळ्यात घातली. पेटी म्हणाली, "पद्मजा, मला चहा हवा आहे, साखर बेताची." आवाज हुबेहूब त्याचा. पद्मजा ढसाढसा रडली. पण दुसऱ्या दिवशी त्यानं ती काढून कपाटात ठेवून दिली. तो मनाशी शब्द शोधत असायचा, तेवढ्यात पेटी वाक्य पुरं करून मोकळी व्हायची. बरोबर असायचं वाक्य. पण त्याचं नसायचं.

मग डॉक्टर ऋता दाभोळे भेटल्या.

त्यांचं पुनर्वसन केंद्र गावाबाहेर, पंढरपूर रस्त्याला. पहिल्या भेटीत त्यांनी पद्मजाला खिडकीशी बसवून नीट समजावलं होतं.

"लहान मूल भाषा शिकतं तेव्हा त्याच्या मेंदूतल्या पेशी मोकळ्या असतात. हव्या तिथे नवे धागे टाकतात. वय वाढलं की त्या पेशींभोवती एक जाळी विणली जाते. साखर आणि प्रथिनं यांची. शिकलेलं टिकून राहावं म्हणून निसर्गानं केलेली सोय ती. पण यांच्यासारखं झालं की तीच जाळी आडवी येते. बोलण्याची जागा मेली, शेजारची जागा ते काम शिकू शकेल, पण जाळी तिला शिकू देत नाही."

"आणि तुमचं औषध ती जाळी काढतं?"

"विरघळवतं. औषध आधी टोचून ठेवायचं, ते मेंदूत झोपून राहतं. मग बाहेरून ध्वनिलहरी सोडल्या की शेंगदाण्याएवढ्या जागेत जागं होतं. थोड्या वेळापुरती ती जागा पुन्हा लहान मुलाची होते." डॉक्टर थांबल्या. "पण नुसतं मोकळं करून भागत नाही. त्या वेळात मेंदूनं स्वतःहून धडपड करायला हवी. आणि मेंदू धडपडतो कधी? वस्तू मिळाल्यावर नाही. मिळाली की तो स्वस्थ होतो. आता मिळेल, अगदी हाताशी आलीय, पण मिळेल की नाही सांगता येत नाही, अशा वेळी खोलवरच्या पेशी सगळीकडे निरोप धाडतात, जागे व्हा म्हणून. कपाळावरची पट्टी तेवढंच मोजते. आम्ही तिला ओढरेघ म्हणतो."

"ओढ मोजता येते?"

"कशाची ते कळत नाही. किती ते कळतं."

अडचण एवढीच होती की हे सगळं एकदाच करता यायचं. जाळी दुसऱ्यांदा विणली जाते ती चिवट, पुन्हा विरघळत नाही. रेघ खाली असताना जाळी विरघळवली तर ती संधी वाया जाणार. आणि फार थांबलं तरी झोपलेलं औषध शरीर हळूहळू धुऊन काढणार. दिवाळी हीच शेवटची मुदत.

"एका आजोबांना आम्ही क्रिकेटचं समालोचन करायला लावलं," डॉक्टर म्हणाल्या. "एका बाईंना मुलीच्या लग्नाच्या याद्यांत गुंतवलं. तुमच्या मिस्टरांना कशाची आवड?"

पद्मजानं खेळाचं सांगितलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग खेळ तुम्ही चालवा. खेळात त्यांना एखादी अशी वस्तू द्यायची आहे, जिच्यासाठी ते जिवाचं रान करतील. कोणती, कधी, ते तुम्ही ठरवा. तुम्ही 'दिली' म्हणाल तेव्हा मी लहरी सोडेन."

पद्मजाचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारायची, हे स्पष्ट की ते? कुणाला किती नंबर लागेल हे तिला माणूस दारात शिरतानाच कळायचं. पण सूत्रधार व्हायचं म्हणजे काय, हे त्या पहिल्या रविवारनंतर तिला अजिबात कळेना. ती इक्बालकडे गेली.

इक्बाल मुल्ला सतारमेकर गल्लीत बसायचा. सतारीसाठी भोपळ्याच्या आतला गर काढून कवच तासत होता. त्यानं हात न थांबवता तिचं बोलणं ऐकलं.

"तुला आठवतं, भरत्यानं एकदा उडती नाव आणली होती मोहिमेत?"

"आठवते की. तिच्यासाठी आपण भांडलो होतो."

"मिळाली कधी?"

पद्मजा आठवायला लागली. आधी एका धर्मशाळेत कुणी म्हातारी म्हणाली होती की तिच्या लहानपणी आभाळात वल्ही दिसायची. मग कित्येक रविवारांनी एका गढीत ते एक वल्हं भिंतीला टांगलेलं दिसलं. मग खुद्द ती नाव दिसली, पण शत्रूच्या ताब्यात, डोक्यावरून जाताना. तिच्या सावलीत सगळे गारठले होते.

"वर्ष गेलं असेल," ती म्हणाली.

"आणि मिळाल्यावर काय झालं?"

"तोवर आपल्याला जायचं होतं ते बेट पाण्याखाली गेलं होतं." ती हसली. "चिडले होते मी."

"तेच. तो आपल्याला वस्तू द्यायचा नाही गं, वस्तूची भूक द्यायचा." इक्बालनं कवच उजेडाकडे धरून बघितलं. "मोठी वस्तू लवकर दिली की खेळणारा आळशी होतो. डोकं चालवत नाही, नुसती वस्तू चालवतो. आधी जग एवढं मोठं होऊ दे की ती वस्तू त्यात मावेल. आधी लोकांच्या तोंडी ऐकू दे. मग दुसऱ्याच्या हातात बघू दे, तिच्यापायी कुणाचं काय बिघडलं ते बघू दे. मग हात लांब करू दे. हात पोचला पाहिजे, आणि बोटं तेवढी कमी पडली पाहिजेत."

"आणि द्यायची कधी?"

"ते भरत्या कुणाला सांगायचा नाही. आमच्या तोंडाकडे बघायचा आणि द्यायचा."

पद्मजानं ती मोहीम मोडून टाकली आणि नवी मांडली. या वेळी तिनं घाई केली नाही.

नव्या मोहिमेत नदीकाठी एक नगर होतं आणि त्याची राणी होती तमसा. राणीजवळ नादमणी होता. तो जिभेखाली धरून जे बोलावं ते खरं व्हायचं. राणीचा एकुलता भाऊ परदेशी निघाला, त्या दिवशी तिनं मणी तोंडात धरून म्हटलं, माझ्या नगरातून कुणी जाऊ नये. तेव्हापासून कुणी गेलं नव्हतं. पाहुणे गेले नाहीत, म्हातारे मेले नाहीत, जखमा गेल्या नाहीत. नदी नगरात शिरायची, पण तिलाही बाहेर जाता येत नव्हतं. पाणी गल्ल्यांतून चढत होतं.

भरतेशचं पात्र होतं एक मुका नावाडी. त्यानं ते स्वतःच निवडलं होतं, बोटानं ओठ झाकून आणि वल्ही मारल्यासारखे हात करून. इक्बाल नेहमीप्रमाणे चोर झाला.

मणी सुरुवातीला नुसता ऐकू आला. एक आजारी बाई खिडकीतून म्हणाली, राणीच्या तोंडात निळा उजेड असतो. ओढरेघ थोडीशी उचलली. पुढच्या एका रविवारी नावाड्यानं राणीला गच्चीवर पाहिलं. ती भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवत होती आणि भाऊ डोळे उघडे ठेवून बसला होता. गेला नव्हता, पण उरलाही नव्हता. भरतेश टेबलावर पुढे झुकला. फासा टाकताना त्याचा उजवा हात अजून थरथरायचा, तो त्यानं डाव्या हातानं धरून टाकला. रेघ चढत गेली.

आणि पद्मजाला खेळ आवडायला लागला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती गल्ल्यांची, दरवाज्यांची नावं ठरवायची. रविवारी भरतेश लवकर उठून फासे पुसून ठेवायचा. खेळताना तो तिच्याकडे टक लावून बघायचा. ती काय बोलणार याची वाट बघायचा. आजारपणात तिनं त्याला भरवलं होतं, न्हाऊ घातलं होतं, त्या सगळ्या काळात त्यानं तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. उपकार घेणारा माणूस खाली बघतो. आता तो वर बघत होता.

म्हणून गणपती झाले तरी तिनं मणी दिला नाही. दसरा गेला तरी दिला नाही. दर वेळी मणी नावाड्याच्या हाताशी यायचा आणि तिला काहीतरी सुचायचं. पहारेकरी यायचा. दार लागायचं.

डॉक्टरांनी बोलावून घेतलं. "दोन आठवडे झाले, रेघ वर चढत नाहीये. एका ठिकाणी घुटमळतेय. तुम्ही कशाची वाट बघताय?"

"अजून थोडी वर जाईल असं वाटतं."

"की नाहीच जमलं तर काय, याची भीती वाटते?"

पद्मजा म्हणाली, "डॉक्टर, आत्ता तो वाट बघतोय. मीही बघतेय. उद्या तुम्ही बटण दाबलंत आणि काही झालं नाही, तर वाट बघायलाही काही उरणार नाही आमच्याकडे."

"ते मला कळतं," डॉक्टर मऊ आवाजात म्हणाल्या. "पण औषधाला कळत नाही हो. पुढच्या आठवड्यात करायलाच हवं."

त्या रविवारी पद्मजाचं लक्ष लागेना. नगरात पाणी छातीपर्यंत चढलं होतं. चोर राणीच्या महालाकडे पोहत निघाला होता.

"तू पुलाखालून जातोस," ती म्हणाली.

"पूल मागच्या वेळी पडला," इक्बालनं आठवण केली.

"हो. म्हणजे... मग तू घाटावर..." ती अडखळली. घाट कुठल्या बाजूला होता? राणीच्या भावाचं नाव काय ठेवलं होतं? सगळं नगर तिच्या हातातून निसटून गेलं. तिनं कपाळ धरलं. "थांबा जरा. मला सुचत नाहीये."

"परवा!" भरतेश म्हणाला.

तिनं वर पाहिलं. तो अर्धवट उभा राहिला होता. बोटानं टेबलावर नदी काढत होता, वळण काढत होता, बुडालेल्या देवळाचा कळस दाखवत होता. "परवा, परवा... परवा?" आवाज खाली आणून त्यानं म्हाताऱ्या माणसासारखं म्हटलं, मग एकदम चढवला, मग इक्बालकडे झुकून कुजबुजला. गल्लीतला लोंढा, पाण्यात हेलकावणारा कंदील, दार ठोठावणारं कुणीतरी, सगळं होतं त्यात. शब्द तेवढे नव्हते.

इक्बालनं पडद्याकडे बोट केलं. हिरवी रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकली होती.

संध्याकाळी पद्मजानं डॉक्टरांना फोन लावला. "मी चुकत होते. मला वाटत होतं त्याला मणी हवाय. मण्यासाठी रेघ कधीच एवढी चढली नाही. मी अडले तेव्हा चढली. त्याला ही मोहीम सांगायची आहे, डॉक्टर. त्याला सूत्रधाराची जागा हवीय."

"म्हणजे वस्तू बदलायची?"

"नाही. वस्तू तीच. मणी धरून जे बोलावं ते खरं होतं, असं मीच म्हणत होते इतके दिवस. ते सूत्रधाराचंच काम की. माझ्या ध्यानात आलं नाही."

केंद्रातल्या खोलीत त्यांनी घरच्यासारखंच टेबल मांडलं. भरतेशच्या डोक्यावर लहरी सोडणारा टोप चढवलेला होता आणि काचेपलीकडे डॉक्टर बसल्या होत्या. दुपारचं ऊन जमिनीवर पडलं होतं. पद्मजा दोनदा पाणी प्यायली आणि तिनं खेळ सुरू केला.

चोर महालात शिरला. पाणी छताला भिडायला आलं होतं. राणी भावाला घट्ट धरून जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या तोंडातून निळा उजेड पाण्यावर पडत होता. चोरानं फासा टाकला, मणी मिळवला, आणि नावेतल्या मुक्याकडे भिरकावला. त्याच वेळी कमान कोसळली आणि चोर खाली गेला.

"इक्बाल, तू पाण्याखाली आहेस. श्वास संपत आलाय," पद्मजा म्हणाली. "मणी नावेच्या फळीवर आपटला, घरंगळला, कडेला जाऊन थांबला. नावाड्यानं तो उचलला."

ती उठली. तिची, म्हणजे मुळात भरतेशची, उंच पाठीची खुर्ची तिनं रिकामी केली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्याजवळ आली. त्याला उठवून तिकडे नेऊन बसवलं. मग स्वतः त्याच्या जागी, इक्बालशेजारी, जाऊन बसली.

"पुढे काय होतं ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच नाही. तू सांग." आणि काचेकडे बघून मान डोलावली. "दिली."

कसलाही आवाज झाला नाही. डॉक्टर पडद्याकडे बघत होत्या. इक्बालनं नकळत खरोखरच श्वास रोखून धरला होता.

भरतेशनं तोंड उघडलं. "परवा." डोळे मिटून मान हलवली. "पर... परवा." कपाळावर घाम आला. त्यानं टेबलाची कड धरली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. पद्मजाला वाटलं, पुरे, त्याला सोडा, नको आम्हाला काही. ती उठणार तेवढ्यात तो म्हणाला,

"न... न... नदी."

"नदी," तो पुन्हा म्हणाला, अंधारात भिंत चाचपडत जावं तसा. "नदी... जाते."

इक्बाल रडत होता, पण त्यानं खेळ सोडला नाही. "मी वर येतो का?" त्यानं विचारलं.

भरतेशनं त्याच्याकडे पाहिलं. "फासा," तो म्हणाला. "टाक."

त्यानंतर दिवाळी झाली, थंडी पडली. भरतेशचे शब्द वाढत गेले. आधी नदी, नाव, दार, राणी. मग वाक्यं. नगरातले म्हातारे शांतपणे मेले, पाहुणे घरी गेले, राणीनं भावाला नावेत बसवून निरोप दिला. ते सांगताना तो दर वाक्याला थांबायचा, पण थांबायचा तेव्हा ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. जुने मित्र बातमी ऐकून रविवारी यायला लागले. टेबल पुन्हा भरलं.

आणि खेळ संपून फासे डब्यात गेले की तो पुन्हा परवावर यायचा.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. त्यांना आनंद झाला होता आणि थोडं वाईटही वाटत होतं. "नवे धागे तयार झालेत, भरपूर. पण ते ज्या ओढीनं झाले तिलाच चिकटलेत. गोष्ट सांगण्याची वाट उघडली. पाणी मागण्याची नाही."

"पुढे उघडेल?"

"काहींची उघडते. या वाटेवरून तिकडे पायवाट पडते. मी आशा दाखवत नाही, पण नाहीही म्हणत नाही."

पद्मजानं तिचा जुना धनुर्धर पुन्हा घेतला होता. रविवारी दुपारी तो तिच्याशी बोलायचा. "नेमबाज, पूल पडतोय. सोडतोस बाण?" तो आवाज ऐकायला ती आठवडाभर कानांत प्राण आणून थांबायची. पण तो धनुर्धराशी बोलत असायचा. राक्षसीण होऊन बोलायचा, चोराला शिव्या घालायचा, पहारेकऱ्याला लाच द्यायला लावायचा. मग सगळे जायचे, ती भांडी घासायची आणि तो पुसून जागेवर लावायचा. ती विचारायची, "दमलास?" तो तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. "परवा." ती हसायची. तिला इक्बालच्या चोराचा मत्सर वाटायचा, आणि त्याची लाजही वाटायची.

एका रविवारी बाकीचे कुणी येऊ शकले नाहीत. इक्बाल तेवढा आला. फासे काढताना पद्मजा म्हणाली, "आज मी धनुर्धर घेत नाही. नवं पात्र करते."

"कोण?" इक्बालनं विचारलं.

"एक बाई आहे. चष्म्यांचं दुकान चालवते. नगराबाहेर राहते." तिनं फाशांचा डबा बाजूला सरकवला. "तिचं नाव पद्मजा."

फाशावरची नसलेली धूळ इक्बाल अंगठ्यानं पुसत राहिला.

भरतेश उंच खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता. फार वेळ बघत होता. पात्र नवं आलं की सूत्रधारानं त्याला जगात आणायचं असतं, कुठून आलं, कसं दिसतं, ते सांगायचं असतं. त्यानं टेबलावर तळहात पसरला.

"संध्याकाळ," तो म्हणाला. "नदी... उतरलीय. घाटावरून एक... बाई येते. हातात पिशवी."

"हं," पद्मजा म्हणाली.

"लांबून आलीय. खूप... खूप दिवस चालतेय. तिच्या पाठीवर एक..." तो शब्द शोधत थांबला. "एक माणूस होता. तिनं... उचलून आणला. ती कुणाला... सांगत नाही. दमलीय."

पद्मजानं खालचा ओठ दातांत धरला.

"समोर घर. दार... उघडं. दिवा. आत कोणीतरी... तिची वाट बघतंय."

"कोण?" इक्बालनं हळूच विचारलं. चोरानं नव्हे, त्यानंच विचारलं.

सूत्रधार राजा असतो, राक्षस असतो, दार असतो, पाऊस असतो. तो स्वतः कधी कुठे नसतो. भरतेशनं तोंड उघडलं आणि मिटलं. तो जुना शब्द ओठांवर येताना पद्मजाला दिसला, आणि त्यानं तो गिळलेलाही दिसला. त्याचा थरथरता उजवा हात वर आला आणि छातीवर टेकला.

"मी," तो म्हणाला.

आता पाळी तिची होती, आणि तो तिच्या उत्तराची वाट बघत होता. पद्मजानं डोळे पुसले नाहीत. तिनं फासाही उचलला नाही.

"मी आत येते," ती म्हणाली.